अर्धवट फॉर्म वाया जाऊ नये म्हणून

(कोथरूड, पुणे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज इथे कोंढव्याहून, कॅम्पातून, हडपसरहून आलेली मुलं-मुली आहेत, आणि शिकायला म्हणून कोथरूडमध्येच रूम घेऊन राहणारेही आहेत. तुमच्यातले काही कॉम्प्युटर किंवा आयटी शिकताहेत, काही नाहीत. पण घरातल्यांचे आणि शेजारपाजारच्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडे येतं. त्यामुळे आजचा विषय दोन्ही गटांसाठी आहे.

विषय ऐकायला कोरडा वाटेल. मोबाइलवर उघडलेलं वेब अ‍ॅप मध्येच बंद पडलं, तर वापरणारा माणूस जिथे होता तिथे त्याला परत कसं आणायचं? इंजिनिअर लोक याला ‘स्टेट रिस्टोअर करणं’ म्हणतात. स्टेट म्हणजे त्या क्षणाची स्थिती. कितव्या पानावर होता, काय काय भरलं होतं, कोणता पर्याय निवडला होता, कोणती कागदपत्रं जोडली होती, हे सगळं मिळून स्टेट. ते जपलं नाही तर पान पुन्हा उघडतं तेव्हा कोरं असतं.

हे कोणाला भोगावं लागतं ते आधी पाहू. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा आठ-बारा जीबी रॅमचा फोन असतो, समोर लॅपटॉप असतो, वायफाय असतं. त्याला ब्राउझरचं पान आपोआप पुन्हा लोड झालेलं क्वचितच दिसतं. दोन-तीन जीबी रॅमचा, जुना, फोटो आणि व्हिडिओंनी भरलेला फोन वापरणाऱ्याला ते रोज दिसतं. म्हणजे जो दुरुस्त करू शकतो त्याला दोष दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. आपल्या खाला, मावश्या, अम्मी अशा वेळी काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे: ‘मला नाही जमत हे, तूच भर.’ मग दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवून सायबर कॅफेत जायचं, आणि तोच फॉर्म भरायला पुन्हा पैसे मोजायचे.

मुदत असलेले फॉर्म

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात हक्काची गोष्ट मिळवण्याचा रस्ता मोबाइलमधून जाऊ लागला आहे. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, प्रवेश परीक्षांचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सगळं तिथेच. १ जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये. अर्ज ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपवरून भरायचे होते: नाव, पत्ता, आधार, बँक खातं, हमीपत्र, फोटो. त्या पावसाळ्यात राज्यभर अंगणवाडी सेविकांनी, सेतू केंद्रांनी आणि तुमच्यासारख्या मुला-मुलींनी किती अर्ज भरले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

दुसरं उदाहरण आपल्या वाचकांच्या जास्त ओळखीचं आहे. केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं. देशभरातल्या वक्फ मालमत्तांची माहिती त्यावर सहा महिन्यांत चढवायची होती. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि अडचण असणाऱ्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. ६ डिसेंबरला मुदत संपली. त्या कायद्याबद्दल इथे वेगवेगळी मतं असतील, तो आजचा विषय नाही. मी तिथले आकडे एका प्रोग्रॅमरच्या नजरेने वाचतो आहे.

त्या पोर्टलवर एक माणूस माहिती भरतो, दुसरा तपासतो, तिसरा मंजूर करतो. मुदत संपल्यावर अल्पसंख्याक मंत्रालयाने सांगितलं की ५,१७,०४० मालमत्तांची नोंद सुरू झाली होती. त्यातल्या २,१६,९०५ मंजूर झाल्या, २,१३,९४१ सादर होऊन पुढच्या पायरीवर होत्या आणि १०,८६९ नाकारल्या गेल्या. बेरीज करून वजा केलीत तर सुमारे ७५,००० नोंदी उरतात, ज्या सुरू झाल्या पण सादर झाल्या नाहीत. थांबण्याची कारणं अनेक असणार: जुना कागद सापडत नाही, हद्दीचं मोजमाप नाही, मुतवल्ली वयस्कर आहेत. पण हे आकडे देता आले याचाच अर्थ सर्व्हरला प्रत्येक नोंदीची स्थिती माहीत होती. सुरू, सादर, मंजूर, नाकारली. स्टेट जपणं म्हणजे हेच. फरक इतकाच की सर्व्हर पायऱ्या जपतो. दोन पायऱ्यांच्या मधली, ‘सेव्ह’चं बटण दाबण्याआधीची पाऊण तासाची मेहनत फोनवर असते, आणि ती जपण्याची जबाबदारी बहुतेक वेळा कोणी घेतलेली नसते.

फोन अ‍ॅप का बंद करतो

‘अचानक बंद पडलं’ असं आपण म्हणतो, पण फोनच्या दृष्टीने त्यात अचानक काही नसतं. अँड्रॉइडमध्ये मेमरी कमी पडली की कोणतं काम आधी बंद करायचं याची एक उतरंड ठरलेली आहे. समोर दिसणारं अ‍ॅप सगळ्यात शेवटी. मागे गेलेलं, पडद्यावर नसलेलं अ‍ॅप आधी. ब्राउझरमध्ये तुम्ही फॉर्म भरत होतात आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात, की त्या क्षणी तुमचा फॉर्म उतरंडीत खाली घसरतो. नवीन अ‍ॅपला जागा हवी असेल तर फोन त्या टॅबची मेमरी काढून घेतो. तुम्ही परत येता तेव्हा ब्राउझर पत्ता लक्षात ठेवून पान नव्याने मागवतो. पान येतं, भरलेलं येत नाही.

आता विचार करा, फॉर्म भरताना माणूस बाहेर का जातो? गंमत म्हणून जात नाही. फॉर्मच त्याला बाहेर पाठवतो. ओटीपी आला तो बघायला मेसेजमध्ये जा. आधार कार्डाचा फोटो काढायला कॅमेऱ्यात जा. फाइल अमुक केबीच्या आत हवी, म्हणून ती लहान करायला तिसऱ्या अ‍ॅपमध्ये जा. फी भरायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जा. यात कॅमेरा तर सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या अ‍ॅपपैकी एक. फोटो काढून ‘ओके’ दाबेपर्यंत मागचा ब्राउझर गेलेला असतो. लहान फोनवर हे नेहमी घडतं. म्हणून बनवणाऱ्याने ही घटना अपवाद समजू नये, तो रोजच्या वापराचाच भाग आहे.

त्यात फोन येतो, बॅटरी संपते, लहान भाऊ फोन ओढून घेतो, आणि बोट चुकून मागे जाण्याच्या दिशेने सरकतं. कारणं वेगळी असली तरी परिणाम एकच असल्यामुळे उपायही बराचसा एकच आहे.

कीर्द आणि खतावणी

उपाय नवा नाही. आपल्याकडे दुकानदार हिशेब दोन वह्यांत ठेवतो. व्यवहार झाला की लगेच कीर्दीत ओळ पडते. जसा घडला तसा, त्याच क्रमाने. नंतर सवडीने ती खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. खतावणी लिहिताना मध्येच दिवे गेले तरी काही बिघडत नाही, कीर्द उघडून पुन्हा चढवता येतं. आजचे डेटाबेस आतून हेच करतात: आधी बदलाची नोंद लॉगमध्ये, मग मुख्य तक्त्यात. मशीन बंद पडून सुरू झालं की आधी लॉग वाचतात.

इथून जवळ, पाषाणला, सी-डॅक आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. महासंगणकांवर एकेक आकडेमोड तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालते. मध्येच एखादा भाग बंद पडला तर पहिल्यापासून सुरुवात करणं परवडत नाही. म्हणून अशा कामात ठरावीक वेळाने सगळी स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात. त्याला चेकपॉइंट म्हणतात. बिघाड झाला तर शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचं आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्यातल्या कॉम्प्युटरवर कामाचा ताण वाढला आणि १२०२ क्रमांकाचा इशारा येऊ लागला. त्या कॉम्प्युटरची लिहिता-पुसता येणारी मेमरी फक्त २,०४८ शब्दांची होती. त्याचं सॉफ्टवेअर एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. आपल्या पौड रस्त्यावरची एमआयटी नव्हे, अमेरिकेतली. मार्गारेट हॅमिल्टन त्या टीमच्या प्रमुखांपैकी होत्या. त्यांनी असं धरून चाललं होतं की कॉम्प्युटर मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारच. म्हणून महत्त्वाचं प्रत्येक काम आपण कुठल्या टप्प्यावर आहोत याची खूण मेमरीत ठेवत असे. ताण वाढला तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली, आणि यान उतरवण्याचं काम खुणेपासून पुढे चालू ठेवलं. उतरता उतरता हे काही मिनिटांत अनेक वेळा झालं आणि यान सुखरूप उतरलं.

या उदाहरणातून दोन गोष्टी घ्यायच्या. बंद पडणार असं गृहीत धरून लिहायचं. आणि काय जपायचं, काय सोडायचं, हे आधी ठरवायचं.

कधी सेव्ह करायचं

आता जे कोड लिहितात त्यांच्यासाठी थोडं तपशिलात. बाकीच्यांनीही ऐका, म्हणजे तक्रार करताना नेमकं काय मागायचं ते कळेल.

नवशिके प्रोग्रॅमर पहिल्यांदा असा विचार करतात की पान बंद होताना सेव्ह करू. ब्राउझरमध्ये ‘अनलोड’ आणि ‘बिफोरअनलोड’ नावाचे इव्हेंट आहेत, त्यांवर कोड लावतात. लॅपटॉपवर ते बरंचसं चालतं. मोबाइलवर त्यांचा भरवसा नाही. फोनने मेमरी काढून घेतली, तर मरणाऱ्या पानाला ‘आता तू जाणार’ असं कोणी सांगत नाही. वारस नेमायची सवडच मिळत नाही.

ज्याच्यावर भिस्त ठेवता येते तो इव्हेंट आहे ‘व्हिजिबिलिटीचेंज’. पान पडद्यावरून दिसेनासं झालं की तो येतो. बहुतेक वेळा मोबाइलवर आपल्याला मिळणारी ती शेवटची खात्रीची सूचना असते. म्हणून नियम असा: पान लपलं की ते कदाचित परत येणारच नाही असं समजा आणि त्याच क्षणी सगळं लिहून ठेवा. क्रोमने २०१८ मध्ये ‘पेज लाइफसायकल’ नावाची सोय आणली. तिच्यात पान गोठवलं जाताना सूचना मिळते, आणि परत उघडल्यावर ‘आपल्याला मध्ये काढून टाकलं होतं का’ हेही विचारता येतं. पण सगळ्या ब्राउझरमध्ये ती नाही, त्यामुळे तिच्यावर इमारत उभी करू नका.

शिवाय लपण्याची वाटही पाहू नका. माणूस टाइप करायचा थांबला की अर्ध्या सेकंदाने सेव्ह करा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना सेव्ह करा. कॅमेरा किंवा गॅलरी उघडण्याचं बटण दाबलं, की ती उघडण्याआधी सेव्ह करा. मराठी टाइप होत असेल तर एक काळजी घ्या: जोडाक्षर कीबोर्डमध्ये अर्धवट तयार होत असताना सेव्ह केलंत आणि तेच रकान्यात परत भरू लागलात, तर अक्षरं तुटतात. सेव्ह खुशाल करा, पण माणूस टाइप करत असताना रकान्याला हात लावू नका.

कुठे ठेवायचं

ब्राउझरमध्ये ठेवायच्या मुख्य तीन जागा आहेत. पहिली ‘सेशनस्टोरेज’. ती टॅबपुरती असते, टॅब बंद केला की गेली. दुसरी ‘लोकलस्टोरेज’. वापरायला सोपी, पण साधारण पाच एमबीपर्यंतच, फक्त मजकूर ठेवते, आणि लिहिताना पान क्षणभर अडवून धरते. छोट्या फॉर्मला ती पुरते. तिसरी ‘इंडेक्स्डडीबी’. वापरायला जरा किचकट, पण मोठी, आणि तिच्यात फोटो किंवा पीडीएफही जसेच्या तसे ठेवता येतात. कागदपत्रं जोडायची असतील तर हीच घ्या.

तिन्ही जागा त्या फोनच्या त्याच ब्राउझरपुरत्या असतात. एका ब्राउझरमध्ये सुरू केलेला फॉर्म दुसऱ्यात दिसणार नाही. इन्कॉग्निटोमध्ये भरला तर खिडकी बंद होताच पुसला जाईल. आयफोनवर आणखी एक मेख आहे. ॲपलने मार्च २०२० पासून असा नियम केला की सफारी वापरली जात असताना सात दिवसांत तुम्ही एखाद्या साइटला हात लावला नाही, तर त्या साइटने कोडद्वारे साठवलेलं पुसलं जाईल. म्हणजे ‘उत्पन्नाचा दाखला आला की उरलेलं भरू’ असं म्हणून पंधरा दिवस थांबलेल्या मुलीचा मसुदा उडालेला असू शकतो.

म्हणून लांबणारा फॉर्म असेल तर मसुदा सर्व्हरवरही जायला हवा. आधी फोनमध्ये लिहायचा, नेटवर्क मिळालं की सर्व्हरला पाठवायचा. कीर्द फोनमध्ये, खतावणी सर्व्हरवर.

फोटोचं कोडं

फाइल जोडण्याचा रकाना ही सगळ्यात अवघड जागा आहे. सुरक्षिततेसाठी ब्राउझर कोणत्याही साइटला फोनमधली फाइल स्वतःहून उचलून त्या रकान्यात भरू देत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर कोणतीही साइट तुमच्या फोनमधलं काहीही उचलेल. पण यामुळे पान पुन्हा लोड झालं की तो रकाना रिकामाच दिसतो. उपाय असा की माणसाने फाइल निवडताक्षणी तिची प्रत इंडेक्स्डडीबीमध्ये ठेवायची, आणि परत आल्यावर रकान्याच्या शेजारी लिहायचं: ‘तुमचा रेशन कार्डाचा फोटो जोडलेला आहे. बदलायचा आहे का?’

तरीही एक फट राहते. कॅमेरा उघडा असतानाच ब्राउझर मेला, तर काढलेला फोटो पानाच्या हाती येतच नाही. कॉर्डोव्हासारख्या साधनाने वेब अ‍ॅपला मोबाइल अ‍ॅपचं रूप दिलं असेल तर यावर तोड आहे. अँड्रॉइडवर अ‍ॅप पुन्हा उभं राहतं तेव्हा ‘रिझ्यूम’ इव्हेंटसोबत कॅमेऱ्याचा अडकलेला निकाल मिळतो. तो उचलून योग्य रकान्याला लावणं आपलं काम. साध्या ब्राउझरमध्ये ही सोय नाही. तिथे निदान बाकीचा फॉर्म शाबूत राहील आणि माणसाला फक्त फोटो पुन्हा काढावा लागेल, इतकं तरी करता येतं.

परत आणताना

मसुदा सापडला म्हणून तो निमूटपणे भरून टाकू नका. विचारा. वाक्य साधं असू द्या: ‘तुमचा अर्धवट राहिलेला फॉर्म सापडला. काल सायंकाळी ६:४० ला तुम्ही बँकेच्या माहितीपर्यंत आला होता. तिथून पुढे जायचं, की नवीन सुरू करायचं?’ एकाच फोनवरून आधी अम्मीचा आणि मग शेजारच्या ताईंचा फॉर्म भरला जातो. न विचारता भरलंत तर एकीचा खाते क्रमांक दुसरीच्या अर्जात जाईल. म्हणून मसुद्याबरोबर तो कोणाचा आणि कधीचा हेही ठेवा. फॉर्मच्या आवृत्तीचा क्रमांकही ठेवा, कारण मधल्या दिवसांत रकाने बदललेले असू शकतात. परत आणलेली माहिती पुन्हा तपासून घ्या.

लॉगिनची मुदत संपली असेल तर मसुदा टाकून देऊ नका. पुन्हा लॉगिन करून घ्या आणि माणसाला त्याच रकान्यावर आणून सोडा. अनेक साइट इथे त्याला मुख्य पानावर नेऊन सोडतात. लॉगिनला मुदत असणं सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे, पण म्हणून भरलेला फॉर्म पुसायचं कारण नाही.

दोन गोष्टी कधीही आपोआप पुन्हा करू नयेत. एक, पैसे. दुसरी, अंतिम सादर करणं. फी भरताना यूपीआय अ‍ॅपमध्ये गेलेला माणूस परत आला आणि पान कोरं झालं, तर पैसे गेले की नाही हे त्याला कळत नाही. घाबरून तो पुन्हा भरतो. याला तोड अशी की व्यवहार सुरू होण्याआधीच त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो फोनमध्ये आणि सर्व्हरवर दोन्हीकडे लिहून ठेवायचा. परत आल्यावर पान आधी सर्व्हरला विचारेल, ‘या क्रमांकाचं काय झालं?’ तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर पैसे दुसऱ्यांदा घेणार नाही, पहिल्या व्यवहाराची पावती दाखवेल. ५०० रुपयांची फी दोनदा गेली तर काही घरांत त्या आठवड्याचं गणित बिघडतं. त्यामुळे ही सोय ऐच्छिक समजू नका.

काय जपू नये

जपण्याच्या उत्साहात एक धोका आहे. आपल्याकडे एक फोन घरातल्या चार माणसांचा असतो. कॅफेतला कॉम्प्युटर तर गावाचा. तिथे आधार क्रमांक, खाते क्रमांक, उत्पन्न, जात, घटस्फोटाची माहिती असलेला मसुदा पडून राहिला, तर पुढच्या माणसाला तो उघडता येईल. एखादी मुलगी घरी न सांगता मदतीसाठी अर्ज करत असेल, तर तिचा जपलेला मसुदाच तिला अडचणीत आणू शकतो.

म्हणून पासवर्ड, ओटीपी, पिन कधीच साठवू नका. आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने फोनवरच्या मसुद्यातून वगळा. बारा आकडे पुन्हा टाइप करणं सोपं आहे. ‘हा फोन इतरही वापरतात’ असा पर्याय द्या, आणि तो निवडला तर फोनवर काहीच ठेवू नका. मसुद्याला मुदत घाला. अर्ज सादर झाल्याची पावती सर्व्हरकडून आली की मसुदा पुसा, पण पावती येण्याआधी पुसू नका. आणि ‘माझा मसुदा काढून टाका’ हे बटण शोधावं लागू नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम झालं की ठेवू नये, हे त्याचं मूळ सूत्र आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याने विश्वासाने दिलेली गोष्ट ही अमानत असते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

तपासायचं कसं

कॉलेजचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना माझी विनंती: डेमो देण्याआधी घरातला सगळ्यात जुना फोन मागून घ्या. त्यावर फॉर्म अर्धा भरा. कॅमेरा उघडा, दोन-चार जड अ‍ॅप उघडा, परत या. मग फोन बंद करून चालू करा. नेट बंद करून भरा. एक टॅब उघडा असताना तोच फॉर्म दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, मागे गेलेल्या अ‍ॅपचा पडदा लगेच नष्ट करणारी एक खूण आहे. मोबाइल अ‍ॅपच्या रूपात बनवलं असेल तर ती सुरू करून सगळं वापरून पाहा. पहिल्या दहा मिनिटांत इतके दोष सापडतील की आठवडाभर पुरतील.

आणि मग तो फोन अम्मीच्या हातात द्या. काही सांगू नका, फक्त बघा. ती कुठे थांबते, कुठे घाबरते, कोणता शब्द तिला अडतो. ‘सेशन एक्स्पायर्ड’ या दोन शब्दांनी माणूस जितका घाबरतो तितका खऱ्या चुकीने घाबरत नाही. तिथे ‘बराच वेळ झाला म्हणून पुन्हा लॉगिन करा. तुम्ही भरलेलं सगळं सुरक्षित आहे’ असं मराठीत लिहिलं तर तिचं काम पुढे जाईल. अर्थात ते खरंच सुरक्षित असेल तरच लिहा.

जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी

तुम्ही बनवत नाही, पण भरून देता. तोवर तुम्हाला करता येण्याजोगं बरंच आहे. फॉर्म उघडण्याआधी सगळे फोटो आणि पीडीएफ योग्य आकाराचे करून एका फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच कॅमेरा उघडावा लागणार नाही. बाकीची अ‍ॅप बंद करा. लांबलचक उत्तर आधी नोट्समध्ये लिहा आणि मग चिकटवा. ओटीपी आला तर वरून सरकणाऱ्या सूचनेतच वाचा, अ‍ॅप बदलू नका. ‘मसुदा जतन करा’ बटण असेल तर प्रत्येक पानाला दाबा. अर्ज क्रमांक मिळताच त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि वहीतही लिहा. पैसे भरताना पान गेलं तर लगेच पुन्हा भरू नका, आधी बँकेचा मेसेज आणि यूपीआयमधली नोंद पाहा.

आणि तक्रार करा. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. कोणता फोन, कोणता ब्राउझर, कितवं पान, कोणतं बटण दाबल्यावर, किती वाजता, हे लिहा. स्क्रीनशॉटवरचे आधार आणि खात्याचे आकडे झाकून तो जोडा. दहा जणांनी अशी नेमकी तक्रार एकाच पानाबद्दल पाठवली तर ती बनवणाऱ्याच्या टेबलावर पोहोचते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसतो, म्हणून सांगतो: नेमकी तक्रार आम्हाला टाळता येत नाही.

तुमच्यातले बरेच जण पुढच्या दोन-चार वर्षांत नोकरीला लागतील. एखादा सरकारी पोर्टलच्या कंत्राटावर असेल, एखादी बँकेच्या अ‍ॅपवर. तिथे मीटिंगमध्ये कोणी म्हणेल, ‘मसुदा जपण्याचं काम पुढच्या टप्प्यात बघू, आधी मुख्य फॉर्म होऊ दे.’ तेव्हा तुम्ही हात वर करा आणि सांगा की दोन जीबीच्या फोनवर मसुदा जपल्याशिवाय मुख्य फॉर्म पूर्णच होत नाही. हे सांगायला वरिष्ठ असावं लागत नाही. तुम्ही घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे फॉर्म भरले आहेत. त्या खोलीतल्या फार थोड्यांनी ते केलेलं असेल.

आता तुमचे प्रश्न विचारा. ज्यांनी फोन आणले आहेत, त्यांनी पुढे या, एकेका फोनवर करून बघू.